थंडीत इंजिन सुरू करण्याआधी गरम करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारा शून्याखाली उतरला की तेच ते प्रश्न नव्याने येऊ लागतात, म्हणून सगळे एकदाच इथे मांडले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडनिडे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन आधी गरम करायचं म्हणजे नेमकं काय? गाडी चालू करून उभी ठेवायची का?

नाही. इंजिन बंद असतानाच त्याला बाहेरून ऊब द्यायची आणि मग सेल मारायचा. बहुतेक गाड्यांत हे काम विजेवर चालणारा एक छोटा हीटर करतो. तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो आणि त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. गाडी लावली की ती वायर प्लगला जोडायची. बादलीतलं पाणी तापवायचा रॉड असतो ना, त्याचाच हा भाऊबंद. फक्त हा पाण्याऐवजी कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं द्रव, तापवतो. गाडी चालू करून उभी ठेवण्याबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलं आहे.

२. माझी गाडी कितीही थंडीत दुसऱ्या सेलला सुरू होते. मग हा खटाटोप कशाला?

एकदा कडाक्याच्या थंडीत ऑइलची पट्टी बाहेर काढून बघा. एरवी टोकाला थेंब जमतो आणि टपकन पडतो. उणे २५ अंशांना तो पडतच नाही. काकवीसारखी तार लोंबत राहते आणि पट्टी परत आत सरकवताना हाताला ओढ जाणवते. हेच ऑइल पंपाने खालच्या चेंबरमधून ओढून वर कॅमशाफ्टपर्यंत पोचवायचं असतं. ते पोचेपर्यंत धातूवर धातू घासला जातो, आणि तुम्हाला काहीच कळत नाही, कारण गाडी तर ‘सुरू झालेली’ असते.

ही एक बाजू झाली. दुसरी पेट्रोलची. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. तिसरी बॅटरीची. उणे १८ अंशांच्या आसपास साधी लेड-ॲसिड बॅटरी तिच्या ताकदीच्या जेमतेम निम्मं काम करते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते.

३. किती थंडी पडली की हीटर लावायचा?

गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा. बऱ्याच पुस्तिकांत उणे १५ ते उणे २० च्या आसपासचा आकडा सापडतो. माझा स्वतःचा हिशेब असा: डिझेल गाडीला उणे १० पासून, पेट्रोलला उणे १५ पासून. गाडी जुनी असेल, बॅटरी चार-पाच वर्षांची असेल किंवा रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल, तर त्याही आधीपासून. शून्याच्या आसपास हीटर लावल्याने नुकसान काहीच नाही. इंजिन लवकर गरम होतं आणि काचेवरचा बर्फही लवकर सुटतो. पण तेव्हा ती सोय असते, गरज नव्हे.

४. किती वेळ आधी लावायचा? रात्रभर ठेवला तर काही बिघडेल का?

उणे ५ ला तासभर, उणे १५ ला दोन तास, उणे २५ च्या खाली तीन, फार तर चार. मोठ्या ट्रकच्या इंजिनाला यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण तापवायचा लोखंडाचा गोळाच मोठा असतो. काही तासांनी इंजिन जेवढी ऊब घेतं तेवढीच बाहेर टाकू लागतं. तिथून पुढे तापमान जवळपास वाढतच नाही, फक्त मीटर फिरत राहतो.

रात्रभर ठेवल्याने इंजिन बिघडत नाही. वीज मात्र फुकट जाते. ५०० वॉटचा हीटर तीन तासांत दीड युनिट खातो आणि बारा तासांत सहा. म्हणून टायमर घ्या. बाहेर वापरायचा असेल तर पाणी-बर्फ सोसणारा आणि हीटरचा भार पेलणारा घ्या. घरातल्या दिव्यांसाठीचा टायमर इथे वितळलेला पाहिला आहे.

५. त्यापेक्षा पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर? माझ्याकडे रिमोटने गाडी सुरू करायची सोय आहे.

रिमोटने तुम्ही उबदार खोलीत बसून गाडी सुरू करता, पण इंजिनाच्या दृष्टीने ती थंडच सुरू होते. प्रश्न २ मध्ये सांगितलेली सगळी झीज तोवर होऊन गेलेली असते. शिवाय उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते फार हळू तापतं. डिझेल इंजिन तर कडक थंडीत नुसतं उभं राहून कामाच्या तापमानाला पोचतच नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड असेल तर त्यातलं काही आतच राहतं, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट, दुधाळ चिकटा दिसला तर तो बऱ्याचदा यातलाच असतो. कुलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, तपासून घ्या.

हीटर नसेल तर अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळूहळू निघा. आणि गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, शटर अर्धं उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. हीटरचे प्रकार किती? माझ्या गाडीला कोणता?

सगळ्यांत चांगला ब्लॉकमधला. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी भोकं ठेवलेली असतात आणि नंतर त्यांवर पत्र्याच्या टोप्या ठोकतात. गॅरेजवाले त्यांना वेल्श प्लग म्हणतात. त्यातली एक टोपी काढून तिथे हीटर बसवतात. त्याचं टोक थेट कुलंटमध्ये बुडालेलं असतं. कारसाठी साधारण ४०० ते ६०० वॉट, ट्रकसाठी १००० ते १५०० वॉट. नॉर्वेची डेफा आणि स्वीडनची कॅलिक्स यांसारख्या कंपन्या गाडीच्या मॉडेलनुसार वेगवेगळे हीटर बनवतात. अंदाजाने जवळपासच्या मापाचा ठोकून बसवू नका. तो गळतोच.

टोपीपर्यंत हात पोचत नसेल तर होजमध्ये, म्हणजे कुलंटच्या रबरी नळीत, बसणारा हीटर असतो. त्याला पंप नसेल तर गरम कुलंट वर चढतं आणि थंड खाली येतं, या एवढ्याच बळावर ते फिरतं. म्हणून तो खालच्या बाजूला आणि गरम तोंड वर ठेवूनच लावावा लागतो. आडवातिडवा लावला तर एकटा होजच उकळत बसतो आणि इंजिन थंडच राहतं.

तिसरा म्हणजे ऑइल चेंबरला खालून चिकटवायचा पॅड. सहसा १०० ते २५० वॉटचा. ऑइल थेट तापवतो, म्हणून मला हा आवडतो. ब्लॉक हीटरच्या जोडीला तर फारच उत्तम. चेंबर प्लास्टिकचं असेल तर लावू नका. ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबकाचा पॅड चिकटणार नाही, गोंदाचा घ्यावा लागेल.

पट्टीच्या जागी घालायचा बारीक हीटरही मिळतो. काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच त्याच्याबद्दल म्हणेन.

या सगळ्याचा एक पूर्वज मजेदार आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्याजागी तापणारा पोकळ बोल्ट बसवायची युक्ती काढली आणि १९४९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. थंड मुलखातले जुने लोक अजूनही कुठल्याही इंजिन हीटरला ‘हेडबोल्ट हीटर’ म्हणतात, ते यामुळेच.

७. गाडी जुनी घेतली आहे. हीटर बसवलेला आहे की नाही, कसं कळेल?

पुढच्या जाळीमागे, बंपरच्या खाली आणि बॅटरीजवळ बघा. वायरींच्या जुडग्यात गुंडाळून बांधलेला, टोपी लावलेला प्लग सापडला तर हीटर आहे. काही गाड्यांत हीटर कंपनीतूनच येतो पण वायर दिलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते. गाडीचा चासी नंबर देऊन सुटे भाग विकणाऱ्याकडून खात्री करून घ्या.

८. प्लग तर लावला, पण हीटर खरंच चालतोय का?

हा प्रश्न हिवाळ्यात पहिल्यांदा गाडी अडली की येतो. खरं तर तो महिनाभर आधी यायला हवा. प्लग लावल्यावर शांत ठिकाणी कान द्या. ब्लॉकमधला हीटर बरेचदा बारीक सुंई-सुंई करतो, पाणी उकळायच्या आधी भांडं करतं तसं. दोन-तीन तासांनी बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावा, तो कोमट लागला पाहिजे.

मल्टिमीटर असेल तर काम मिनिटाचं. प्लग काढून त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २३० व्होल्टच्या ५०० वॉट हीटरचा साधारण १०५ ओहम येतो, १२० व्होल्टच्या ४०० वॉटचा ३६ ओहम. काहीच दाखवत नसेल तर हीटर जळला आहे किंवा वायर तुटली आहे. पिन आणि गाडीचा पत्रा यांच्यात रोध दाखवत असेल तर तो हीटर वापरू नका, करंट बॉडीत उतरतोय. काही हीटरमध्ये थर्मोस्टॅट असतो. तो थंडीतच जोडला जातो, त्यामुळे अशा हीटरची उन्हाळ्यात केलेली तपासणी फसवी ठरते.

कुलंट बदलल्यावर आतली हवा पूर्ण काढल्याशिवाय हीटर लावू नका. कोरडा तापला की काही मिनिटांत जळतो.

९. घरातली एक्स्टेन्शन वायर चालेल का?

नाही. बाहेर वापरण्यासाठीची, तीन तारांची, अर्थिंग असलेली आणि हीटरच्या वॉटला पुरेल एवढी जाड वायर हवी. घरातल्या वायरचं आवरण कडक थंडीत काठीसारखं ताठ होतं, वाकवलं की तडकतं. लागेल तेवढीच लांब घ्या. गुंडाळलेलं भेंडोळं तसंच ठेवून वापरू नका, ते आतून तापतं. वायरींचा जोड बर्फावर पडू देऊ नका आणि तो सर्किट गळती ओळखणाऱ्या ब्रेकरवरच ठेवा. तासाभराने प्लगला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला तर आतले संपर्क ढिले झाले आहेत, प्लग बदला.

१०. वायर काढायला विसरलो आणि गाडी काढली तर?

तुम्ही पहिले नाही. मीही हे केलं आहे, आणि तेही शेजारी हात हलवून थांबवत असताना. मला वाटलं, नमस्कार करतोय. नशीब चांगलं असेल तर प्लग नुसता निसटतो. नसेल तर जाळीतला प्लग मुळासकट येतो किंवा भिंतीवरचं सॉकेट निघतं. आता मी वायर ड्रायव्हरच्या दारासमोरून आरशाला एक वेढा देऊन नेतो. दार उघडायचं तर आधी तीच हातात येते. काही गाड्यांत प्लग जोडलेला असेपर्यंत सेल लागत नाही अशी सोय करून मिळते.

११. डिझेल गाडीत ग्लो प्लग असतातच. मग वेगळा हीटर कशाला?

ग्लो प्लग फक्त ज्वलनाच्या जागेतली हवा तापवतो. नवे सिरॅमिक ग्लो प्लग काही सेकंदांत १००० अंशांच्या वर जातात, पण त्यांची ऊब ब्लॉकला, ऑइलला किंवा बॅटरीला मिळत नाही. डिझेल स्पार्कने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. भिंती बर्फगार असतील तर त्या ती उष्णता शोषून घेतात. त्यात घट्ट ऑइलमुळे इंजिन हळू फिरत असेल तर दाबही पुरेसा तयार होत नाही. म्हणून दोन्ही हवेत.

१२. इंजिनात मारायचा ईथरचा स्प्रे डिझेल गाडीला चालेल का?

ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी जाळी असलेल्या इंजिनात नाही. तापलेल्या जाळीवर ईथर गेलं तर ते सिलिंडरपर्यंत पोचायच्या आधीच, वाटेतच भडकतं.

१३. इंजिन छान गरम केलं होतं, डिझेल गाडी सुरूही झाली, पण थोडं अंतर जाऊन बंद पडली. असं का?

इंजिन गरम होतं, टाकी नव्हती. डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकून तो चोक होतो. पाइपात होतं तेवढं डिझेल संपलं की गाडी बंद. ब्लॉक हीटरचा इथे काही उपयोग नाही.

खरा उपाय हिवाळी डिझेल. युरोपच्या ईएन ५९० या मानकात समशीतोष्ण हवामानासाठी ए ते एफ असे सहा वर्ग आहेत. त्यांत फिल्टरमधून डिझेल जाण्याची हद्द +५ पासून उणे २० अंशांपर्यंत येते. अतिथंड प्रदेशांसाठी वेगळे पाच वर्ग आहेत आणि ते उणे ४४ पर्यंत जातात. घोळ होतो तो शरदात भरलेली टाकी तशीच राहिली की, किंवा उबदार भागातून टाकी फुल करून गाडी डोंगरात नेली की. मेणाचे कण बारीक ठेवणारं औषध डिझेल गढूळ व्हायच्या आधी घालावं लागतं, नंतर घालून फारसा फायदा नाही. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणीही गोठतं, ते हिवाळ्याआधीच काढून टाका.

पूर्वी लोक डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळत. आजच्या कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात हे कधीही करू नका. त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

१४. जिथे वीज नाही तिथे काय करायचं?

इंधनावर चालणारा हीटर बसवा. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही जर्मन नावं यात मुरलेली आहेत. हा हीटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल किंवा डिझेल घेऊन स्वतःच्या छोट्या भट्टीत जाळतो आणि कुलंट तापवून फिरवतो. कारसाठीचा साधारण ४ ते ५ किलोवॉटचा असतो, त्यामुळे अर्ध्या तासात काम होतं. पूर्ण ताकदीवर तासाला अर्धा लिटरच्या आसपास इंधन जातं. पंप आणि पंखा मात्र गाडीच्या बॅटरीवर चालतात. म्हणून जेवढा वेळ हीटर चालवला, निदान तेवढा वेळ गाडी चालवा. नाहीतर आठवडाभरात इंजिन गरम आणि बॅटरी उतरलेली, अशी गंमत होते. याला धूर सोडायची स्वतःची नळी असते, तेव्हा बंद गॅरेजबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलेलं इथेही लागू.

सैबेरियात याकुत्स्कसारख्या ठिकाणी उघड्यावर लावलेल्या गाड्या इंजिनावर जाड गोधडी टाकून तासन्‌तास चालूच ठेवतात. अलास्का आणि कॅनडातल्या दुर्गम भागांत उडणारे जुने वैमानिक संध्याकाळी विमानाचं ऑइल डब्यात काढून शेकोटीशेजारी ठेवत आणि सकाळी गरम करून परत ओतत. कारच्या चेंबरचा बोल्ट बर्फात पडून रोज काढणं काही होणार नाही, पण मुद्दा त्यांना बरोबर कळला होता: ऑइल गरम हवं.

१५. खाली शेगडी ठेवली किंवा वरून गरम पाणी ओतलं तर?

दोन्ही नको. खालच्या बाजूला साचलेलं ऑइल, पेट्रोलचे पाइप, प्लास्टिक, वायरी, सगळंच पेट घेणारं असतं. आणि बर्फगार धातूवर उकळतं पाणी पडलं की तो तडकू शकतो. शिवाय ते पाणी खाली ओघळून बेल्ट आणि पुल्यांवर गोठतं ते वेगळंच.

१६. कुलंट गोठलंय असं वाटतं. हीटर लावून वितळवू का?

नको. कुलंट घट्ट झालं असेल तर हीटरभोवतीचं तेवढंच उकळतं, ते फिरत नाही आणि हीटर जळतो. त्याहून वाईट म्हणजे आत नुसतं पाणी असेल तर गोठताना ते जवळजवळ ९ टक्के फुगतं. ब्लॉक किंवा रेडिएटर आधीच फुटलेला असू शकतो, वितळल्यावर फक्त ते दिसतं. गाडी टो करून उबदार जागी न्या, एक दिवस तशीच राहू द्या आणि मग गळती तपासा.

यातच नेहमीची चूक सांगून टाकतो. कुलंटला गोठू न देणारं रसायन म्हणजे ग्लायकॉल. ते पाणी न मिसळता घातलेलं जास्त चांगलं, असं वाटतं. प्रत्यक्षात शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की हीच हद्द उणे ३७ पर्यंत खाली जाते.

१७. रोज बॅटरी काढून घरात ठेवतो. तेवढं पुरेल का?

सुरू होण्यापुरतं पुरेल कदाचित, ऑइल मात्र घट्टच राहील. नव्या गाड्यांत बॅटरी काढली की काही सेटिंग उडतात, तेही बघा. त्यापेक्षा बॅटरीभोवती गुंडाळायचं विजेचं आवरण बरं. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे ७-८ लाच गोठते. पोट फुगलेली किंवा आत बर्फ दिसणारी बॅटरी दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करू नका, ती फुटू शकते.

१८. ०डब्ल्यू ऑइल घातलं की हीटर लागणारच नाही ना?

गरज कमी होते, संपत नाही. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत जास्त वाहतं. ०डब्ल्यूची सेल मारतानाची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. ही मर्यादा आहे, आरामाची जागा नव्हे. आणि ऑइल कितीही पातळ असलं तरी पेट्रोलची वाफ आणि बॅटरी हे दोन प्रश्न उरतातच. गाडीच्या पुस्तिकेने मान्य केलेल्या ग्रेडमधलं सगळ्यांत पातळ हिवाळ्यात घाला.

१९. बातम्यांत ‘उणे १५, पण जाणवेल उणे २७’ असं सांगतात. हीटरसाठी कोणता आकडा धरू?

उणे १५. ‘जाणवणारी’ थंडी तुमच्या कातडीसाठी असते. इंजिन वाऱ्यात कितीही वेळ उभं राहिलं तरी हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त तिथपर्यंत लवकर पोचतं. पण हीटर लावलेला असताना वारा त्याची ऊब पळवतो. तेव्हा वाऱ्याच्या दिवशी गाडीचं नाक भिंतीकडे करा किंवा हीटर तासभर जास्त ठेवा. जाळीसमोर पुठ्ठा लावत असाल तर निघताना काढा. अगदी कडाक्यात ठेवलाच, तर तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या.

२०. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

हायब्रिडमध्ये इंजिन आहे, म्हणून वरचं सगळं लागू. उलट तिथे इंजिन मध्येच, कधी भर वेगात, थंडगार अवस्थेत सुरू होतं, त्यामुळे हीटरचा उपयोग जास्तच. टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये गरम कुलंट थर्मासात साठवून पुढच्या वेळी इंजिनात सोडायची सोय केली होती. मला ती फार आवडली होती.

इलेक्ट्रिक गाडीत तापवायची ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली थंड असताना वेगाने चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसून ती खराब होते. म्हणून गाडी आधी बॅटरी तापवते आणि मग चार्ज घेते. चार्जर जोडलेला असतानाच ॲपमधून निघायची वेळ देऊन ठेवा, म्हणजे ती ऊब भिंतीतल्या विजेवर तयार होईल.

२१. परदेशातून आणलेल्या गाडीत हीटर आहे. प्लगचं टोक बदलून लावू का?

आधी व्होल्टेज बघा. १२० व्होल्टचा हीटर २३० व्होल्टवर लावला तर तो जवळजवळ पावणेचार पट ताकदीने तापतो आणि लवकरच जळतो, वायरसकट. उलट २३० चा हीटर १२० वर लावला तर जेमतेम पाव ताकदीने चालतो. धोका नाही, पण सकाळी इंजिन थंड लागतं आणि हीटर बिघडलाय असा समज होतो. हीटरवर किंवा वायरवर आकडा कोरलेला नसेल तर प्रश्न ८ प्रमाणे रोध मोजून अंदाज घ्या.

२२. हीटरने इंजिन गरम केलं. आता लगेच जोरात पळवायला हरकत नाही ना?

आहे. गरम फक्त इंजिन झालं आहे. गिअरबॉक्समधलं ऑइल, चाकांची बेअरिंग, शॉकअप, स्टिअरिंग, सगळं अजून बाहेरच्याच तापमानाला आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या टायरची जमिनीला टेकलेली बाजूही चपटी झालेली असते, म्हणून पहिला किलोमीटर गाडी खडखड करते. टायर गोल व्हायला आणि गिअर मऊ पडायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर दमाने.